माळ्यावरची पिवळी क्रेन

गेल्या अंकात या सदरातून आम्ही वाचकांना विचारले होते की, बालपणीचे असे एखादे खेळणे घरात उरले आहे का, ज्याचे पुढे काय करावे हे ठरत नाही. सोलापुरातून आलेल्या पत्रांत विटांवर विटा बसवून क्रेन, रोलर, इमारती उभारायच्या जुन्या संचांचा विषय इतक्या वेळा आला की, हा अंक त्यालाच द्यावा असे वाटले. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमचे घर साखर पेठेत, जुन्या वाड्यात आहे. वडील गिरणीत होते. धाकटे काका नोकरीसाठी कुवेतला गेले होते आणि १९८१च्या दिवाळीत घरी येताना त्यांनी माझ्यासाठी लेगोच्या विटांचा मोठा खोका आणला. त्यात पिवळी क्रेन, रस्त्याचा रोलर, एक डंपर आणि डोक्यावर लाल टोप घातलेली तीन माणसे होती. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. वाड्यात तेलुगू, कन्नड आणि मराठी बोलणारी आम्ही आठ मुले होतो आणि दुपारभर ओट्यावर आमचे बांधकाम चाले. यंदा घराची डागडुजी काढली, तेव्हा पत्र्याखालच्या माळ्यावर एका ट्रंकेत तो खोका सापडला. पांढऱ्या विटा पिवळट झाल्या आहेत, क्रेनचा लांब हात किंचित वाकला आहे, दोरी तुटली आहे आणि बरेच तुकडे हरवले आहेत. काही विटांवर दातांचे ठसे आहेत. ते माझ्या धाकट्या भावाचे. तो तेव्हा दोन वर्षांचा होता आणि आता तो हयात नाही. पत्नीचे म्हणणे आहे की, हे सारे काचेच्या कपाटात ठेवावे. सात वर्षांची नात मात्र रोज विचारते की, खेळायला कधी मिळणार. विटा स्वच्छ कशा कराव्यात, हरवलेले तुकडे नवे घ्यावेत का आणि नातीला हे द्यावे का?

उत्तर : आपल्या संचाचा काळ आपल्याला आठवतो आहेच, पण त्यातली तीन माणसेही त्याची साक्ष देतात. पिवळा चेहरा, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके, खाली एक हसू आणि हलणारे हातपाय असलेली ही माणसे लेगोने १९७८ साली प्रथम आणली. त्याआधी १९७५ साली आलेल्या लहान आकृत्यांना चेहराही नव्हता आणि हातही हलत नसत. तेव्हा काकांनी आणलेला खोका या माणसांच्या अगदी पहिल्या काही वर्षांतला आहे.

डेन्मार्कमधील बिलुंड या गावी ओले किर्क क्रिस्तियानसन या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करायला सुरुवात केली आणि ‘छान खेळ’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून पुढे आपल्या कारखान्याला लेगो हे नाव दिले. प्लॅस्टिकची वीट तेथे १९४९ साली आली, परंतु ती आतून पोकळ असल्यामुळे नीट धरून राहत नसे. २८ जानेवारी १९५८ रोजी ज्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज झाला, तिच्यात विटेच्या पोटात नळ्या आल्या आणि खालच्या विटेवरची बटणे, म्हणजे वरचे गोल उंचवटे, त्या नळ्यांच्या व भिंतींच्या मध्ये घट्ट धरली जाऊ लागली. दोन बटणांच्या मध्यबिंदूंमधले ८ मिलिमीटर अंतर आणि विटेची ९.६ मिलिमीटर उंची ही मापे त्यानंतर बदललेली नाहीत. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने हीच सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, कारण त्यामुळे आपण आज आणलेली वीट काकांच्या १९८१च्या विटेवर घट्ट बसेल.

आता स्वच्छतेविषयी. आपल्या विटा एबीएस नावाच्या प्लॅस्टिकच्या आहेत; १९६३ पासून लेगो ते वापरू लागले. त्याआधीच्या विटा सेल्युलोज ॲसिटेटच्या असत आणि त्या काळाबरोबर वाकत, म्हणून त्यांना पाणीही जपून लावावे लागते. आपल्याला ती काळजी नाही. विटा कोमट पाण्यात, साध्या सौम्य साबणाने आणि मऊ टूथब्रशने धुवाव्यात. पाणी ४० अंशांपेक्षा गरम असू नये, असे कंपनीच सांगते आणि सोलापुरात ही सूचना फार गांभीर्याने घ्यायला हवी. एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरच्या टाकीतून दुपारी जे पाणी नळाला येते, ते या मर्यादेच्या पलीकडे सहज गेलेले असते. म्हणून सकाळी भरून घरात सावलीत ठेवलेले पाणी वापरावे. चिकटपट्टीची चित्रे असलेले तुकडे भिजवू नयेत, ओलसर फडक्याने पुसावेत. धुतलेल्या विटा सोलापुरी टॉवेलवर, बटणे वर करून, पंख्याखाली रात्रभर ठेवाव्यात म्हणजे पोटातले पाणी निथळून जाते. उन्हात मात्र त्या कधीही वाळवू नयेत.

विटांचा पिवळटपणा ही घाण नव्हे, त्यामुळे तो साबणाने जाणार नाही. एबीएसमध्ये ब्यूटाडीन नावाचा रबरासारखा घटक असतो. त्याच्यामुळेच वीट पडली तरी फुटत नाही. प्रकाशातील अतिनील किरण, उष्णता आणि हवेतील प्राणवायू यांच्यामुळे नेमका हाच घटक हळूहळू बदलतो आणि पांढरा रंग हस्तिदंतासारखा होतो. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या द्रावणात विटा बुडवून त्या उन्हात ठेवल्या की पुन्हा पांढऱ्या दिसतात, हे खरे आहे. पण तो पांढरेपणा टिकेलच असे नाही, विटा ठिसूळ होण्याचा धोका राहतो आणि तीव्र द्रावण हातावर पडले तर त्वचा भाजते. माझे स्पष्ट मत असे आहे की, आपण हे करू नये. चाळीस वर्षे आपल्या माळ्यावर काढलेल्या विटेचा तो रंग तिच्या वयाचा आहे आणि त्यामुळे बांधकामात काहीही अडत नाही.

दातांचे ठसे असलेल्या विटांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या पत्रातील त्या ओळीपाशी मी बराच वेळ थांबलो. त्या विटा घासून गुळगुळीत करू नका. त्या वेगळ्या काढून एका छोट्या डबीत, भावाचे नाव लिहून ठेवा. कपाटात ठेवायचे असेल तर ते त्या सात-आठ विटांना ठेवा, सगळ्या संचाला नव्हे. यामागे आणखी एक व्यवहाराचे कारणही आहे. त्या काळी प्लॅस्टिकला झळझळीत लाल आणि पिवळा रंग येण्यासाठी कॅडमियमची संयुगे सर्रास वापरली जात. हाताने खेळल्याने त्याचा त्रास होत नाही, परंतु चावलेल्या, खरवडलेल्या विटा पुन्हा कोणाच्या तोंडात जाऊ नयेत. आपली नात सात वर्षांची आहे, तेव्हा तिला खेळून झाल्यावर हात धुवायला सांगितले म्हणजे पुरे. घरात तीन वर्षांखालील मूल येत-जात असेल, तर मात्र जुन्या असोत वा नव्या, कोणत्याच लहान विटा त्याच्या हाती लागू देऊ नका. त्या घशात अडकू शकतात.

क्रेनला साधी सुती दोरी चालते. नवी दोरी जुन्या दोरीइतकीच जाड असावी, नाहीतर ती रिळावर नीट गुंडाळली जात नाही. वाकलेला हात गरम पाण्यात घालून सरळ करण्याच्या भानगडीत पडू नका. त्याला उलट्या बाजूने एक लांब पट्टी जोडली की, तो बराचसा सरळ राहतो. डंपरच्या रबरी चाकांवर चिकटपणा आला असेल तर ती विटांपासून वेगळी ठेवा, कारण जुन्या रबरातून बाहेर येणारा तेलकट अंश प्लॅस्टिकवर डाग पाडतो. अडकून बसलेल्या दोन विटा सुरीने अथवा दातांनी सोडवू नका. वर एक आणि खाली एक मोठी वीट जोडून ती तरफेसारखी वापरली की, त्या सहज सुटतात.

हरवलेल्या तुकड्यांपैकी लाल, पिवळे, काळे तुकडे आजचे घेतले तरी डोळ्यांना फारसे खटकणार नाहीत. राखाडी तुकड्यांत मात्र फसगत होते. २००४च्या सुमारास लेगोने आपला राखाडी रंग बदलला. जुना किंचित पिवळसर होता, नवा निळसर आहे आणि दोन्ही शेजारी बसवले तर भिंतीला ठिगळ लावल्यासारखे दिसते. खोक्यावर किंवा चित्रांच्या पुस्तिकेवर छापलेला संचाचा क्रमांक पाहून त्याच वर्षांतले सुटे तुकडे मागवता येतात. पण तेवढ्यासाठी नातीला थांबवून ठेवणे मला पटत नाही. एकाच रंगाच्या, आठ बटणांच्या फक्त सहा विटा घेतल्या, तर त्या एकमेकींना ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारे जोडता येतात, हे गणितज्ञांनी संगणकाच्या साहाय्याने मोजलेले आहे. दोन विटांनाही २४ प्रकार आहेत. खोक्यावरचे चित्र पूर्ण होत नसेल, तरी आपल्या ट्रंकेत अजून काही शे विटा आहेत.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. या संचांबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत एकही वाक्य नसते. पायरीपायरीने केवळ चित्रे असतात. घरी तीन वेगवेगळ्या भाषा बोलणारी आपल्या वाड्यातली आठ मुले एकच क्रेन बांधू शकली, ती या मुक्या पुस्तिकेमुळे. कोणी कोणाला वाचून दाखवायचे, हा प्रश्नच तेथे उद्भवत नव्हता. पुस्तिका जीर्ण झाली असेल तर तिच्या पानांची छायाचित्रे काढून ठेवा, मूळ प्रत बाजूला ठेवा आणि नातीला छायाचित्रांवरून बांधू द्या. आणि वहिनींना माझ्या वतीने एवढे सांगा की, कपाटात ठेवलेली क्रेन पुन्हा माळ्यावर गेल्यासारखीच आहे. तिची दोरी वर-खाली होते आहे, हे नातीने स्वतः रीळ फिरवून पाहायला हवे.

प्रश्न : मी रेल्वे लाइन्स भागात राहते. आमच्या लहानपणी परदेशी विटा पाहायलाही मिळत नसत. वडिलांनी भावासाठी मेकॅनिक्सचा संच आणला होता. छिद्रे असलेल्या धातूच्या पट्ट्या, नट, बोल्ट आणि एक छोटा पाना. संच भावाचा असला तरी क्रेन आणि पूल बांधायचे मीच. आता पट्ट्यांना गंज चढला आहे आणि निम्मे नट हरवले आहेत. ते हार्डवेअरच्या दुकानात मिळतील का?

उत्तर : आपल्या संचाचे मूळ रोपटे लिव्हरपूलचे. फ्रँक हॉर्नबी या गृहस्थाने आपल्या मुलांसाठी पत्र्याच्या पट्ट्यांतून पूल आणि क्रेन तयार करून दिल्या. त्या करताना त्याच्या लक्षात आले की, प्रत्येक खेळण्यासाठी वेगळे भाग कापण्यापेक्षा सारख्या अंतरावर छिद्रे असलेल्या पट्ट्या केल्या, तर त्याच पट्ट्यांतून काहीही उभारता येईल. १९०१ साली त्याने पेटंट घेतले आणि १९०७ पासून त्या खेळाला मेकॅनो हे नाव मिळाले. त्यात छिद्रांमधले अंतर अर्धा इंच ठरवलेले होते. आपल्याकडचा मेकॅनिक्स त्याच कल्पनेवर उभा आहे.

विटांपेक्षा हा खेळ वेगळा आहे, हे आपल्यासारख्या व्यक्तीला सांगायची आवश्यकता नाही. विटेचे घर क्षणात उभे राहते, तर येथे प्रत्येक सांध्याला बोटे दुखतात आणि नट जास्त आवळला की क्रेनचा हात हलेनासा होतो. सांधा किती सैल ठेवायचा, हे पुस्तकातून कळत नाही. ते बोटांना कळते.

गंजासाठी पट्ट्या रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवाव्यात, सकाळी जुन्या टूथब्रशने घासून कोरड्या कराव्यात आणि यंत्रमागाला घालतात त्या तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. ते तेल सोलापुरात कोणत्याही पेठेत मिळेल. रंग दिलेल्या पट्ट्यांवर सँडपेपर फिरवू नये, कारण उरलासुरला रंग गेला की गंज दुप्पट वेगाने येतो. नट-बोल्टसाठी एक जुना बोल्ट खिशात घालूनच दुकानात जावे. नवा नट त्यावर केवळ बोटांनी फिरला पाहिजे. पान्याचा जोर लावावा लागत असेल तर आटे जुळत नाहीत असे समजावे. मेकॅनोचे आटे जुन्या इंची पद्धतीचे असत, तर आज दुकानात बहुतेक नट मेट्रिक मापाचे असतात. न जुळणारे नट परत करून जुळणारे नट आणि बोल्ट जोडीनेच घेणे सोपे पडते.

प्रश्न : गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावरच्या दुकानांतून लेगोसारख्या दिसणाऱ्या विटांचे संच स्वस्तात मिळतात. यंदा मुलाने त्यातला जेसीबी घेतला. या नकली विटा जुन्या संचात मिसळाव्यात का?

उत्तर : ‘नकली’ हा शब्द मी जपून वापरीन. दुसऱ्याचे नाव छापून विकले तर ती फसवणूकच आहे. परंतु बटणांच्या विटेचा आकार आता कोणा एकाचा राहिलेला नाही. मूळ पेटंटांची मुदत संपली, २००५ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने आणि २०१० साली युरोपीय संघाच्या न्यायालयाने विटेच्या त्या केवळ उपयोगासाठी ठरलेल्या आकाराला व्यापारचिन्हाचे संरक्षण नाकारले. शिवाय विटांचा खेळ लेगोपासून सुरू झाला असेही नाही. हवेत तरंगण्याच्या प्रयोगांसाठी पुढे प्रसिद्ध झालेला ओटो लिलिएंथाल आणि त्याचा भाऊ गुस्टाव्ह यांनी वाळू, खडू आणि जवसाचे तेल यांतून खेळण्यातल्या दगडी विटा घडवल्या होत्या. त्यांचे हक्क घेऊन रिश्टर या उद्योजकाने जर्मनीतील रुडोल्श्टाट येथे १८८०च्या दशकात त्या संचांचा मोठा धंदा उभारला. एकमेकींत अडकणारी प्लॅस्टिकची वीटही लेगोच्या आधी इंग्लंडमध्ये हिलरी फिशर पेज यांनी काढली होती आणि लेगोची १९४९ची वीट तिच्यावरूनच घडली.

मिसळण्याचा प्रश्न मापाचा आहे. लेगोच्या साच्यांत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकीही चूक चालत नाही, म्हणून चाळीस वर्षांनीही पकड टिकते. स्वस्त विटांतल्या काही चांगल्या बसतात, काही सैल असतात आणि काही इतक्या घट्ट असतात की, जुन्या विटेला तडा जातो. म्हणून त्या वेगळ्या डब्यात ठेवाव्यात आणि जुन्या विटांच्या भिंतीत कोंबू नयेत. खरेदी करताना आयएसआय चिन्ह पाहावे. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर ते बंधनकारक आहे.

आपल्या मुलाने जेसीबी निवडला याचे मला मनापासून कौतुक वाटते. ते एका इंग्लिश कंपनीचे नाव असले, तरी आपल्याकडे पिवळ्या रंगाचे, पुढे सूप आणि मागे पंजा असलेले कोणतेही यंत्र जेसीबीच असते आणि रस्त्यात ते दिसले की लहान मुलेच काय, मोठी माणसेही उभी राहून पाहतात.

प्रश्न : मी शाळेत सहावीला शिकवतो. सोलापूरच्या गिरण्यांविषयी शिकवताना मुलांकडून विटांची एक चिमणी बांधून घ्यावी, असे मनात आहे. घरोघरच्या जुन्या विटा गोळा केल्या तर ते जमेल का?

उत्तर : जरूर जमेल, आणि आपला बेत वाचून मला फार आनंद झाला. ‘जुनी गिरणी’ या नावाने ओळखली जाणारी कापडगिरणी १८७७ साली सुरू झाली तेव्हापासून या शहराचा दिवस भोंग्याने आणि चिमणीच्या धुराने ठरू लागला. आज सहावीत असलेल्या मुलांनी त्यातले काहीच पाहिलेले नाही.

प्रथम माप ठरवू. लेगोचा माणूस साधारण चार विटांच्या उंचीचा, म्हणजे जवळपास ४ सेंटिमीटर असतो. तो १.६ मीटर उंचीचा कामगार मानला, तर प्रमाण एकास चाळीस होते. समजा, चिमणी ६० मीटर उंच आहे. तर आपली चिमणी दीड मीटर होईल आणि तिला १५६ थर लागतील. बुंध्याचा व्यास १२ सेंटिमीटर धरला, तर चार बटणांच्या बारा-तेरा विटा एका थराला लागतात, म्हणजे एकूण आकडा दोन हजारांच्या घरात जातो. एवढ्या विटा गोळा होणार नाहीत. म्हणून खालचे ५० थरच बांधावेत. त्याची उंची ४८ सेंटिमीटर होईल आणि सव्वासहाशे विटा पुरतील. पंचवीस मुलांनी प्रत्येकी पंचवीस विटा आणल्या की काम झाले. प्रत्येकाने आपल्या विटांच्या पोटात पेन्सिलने खूण करावी, म्हणजे परत देताना भांडणे होत नाहीत.

चौकोनी विटांतून गोल चिमणी कशी करायची, हे खरे कोडे आहे. खऱ्या चिमणीसाठी एका बाजूला निमुळत्या विटा वापरतात. आपल्याला दोन बटणांची वीट आणि एका बटणाची गोल वीट आलटून पालटून लावली तर भिंत वळवता येते, परंतु इतक्या लहान व्यासाला ती वळत नाही. त्यामुळे बिजागरीचे तुकडे वापरून अष्टकोन करावा. एक नियम मात्र मुलांना पहिल्याच दिवशी सांगावा : वरच्या थराचा उभा सांधा खालच्या थराच्या सांध्यावर येता कामा नये. गवंडी याला सांधेमोड म्हणतात. सांधे एकावर एक आले की काय होते, ते सांगत बसण्याऐवजी तशी एक छोटी भिंत बांधून मुलांनाच ढकलू द्यावी. वर्गातील एखाद्या मुलाचे वडील गवंडी असतील, तर त्यांना त्या दिवशी आग्रहाने बोलवावे. ओळंबा कसा धरायचा, हे त्यांच्याइतके चांगले आपल्याला दाखवता येणार नाही.

बांधून झाल्यावर बुंध्यापाशी एक लेगोचा माणूस उभा करावा आणि उरलेली उंची मागच्या भिंतीवर खडूने, जमिनीपासून दीड मीटरपर्यंत, रेखून दाखवावी. ती रेघ सहावीच्या मुलांच्या डोक्यापर्यंत येईल. मग एकेकाने तिच्याशेजारी उभे राहून खाली त्या चार विटांच्या माणसाकडे पाहावे.